नवीन आयडिया आधी कुठे न्यायची: साहेबांकडे, टीमकडे, की आधी करूनच दाखवायची?

अंधेरी असो, लोअर परळ असो की बीकेसी, प्रत्येक ऑफिसात एक तरी माणूस असतोच ज्याला रोज दिसत असतं की हे काम यापेक्षा सोपं होईल, पण बोलायचं कुणाशी आणि कसं यावर गाडी अडते. कोणी सांगायची वाट न बघता पुढाकार घेणारी ही माणसं मला मनापासून आवडतात, म्हणून त्यांच्यासमोर जे तीन रस्ते असतात ते एकमेकांशेजारी ठेवून बघतोय.

सरळ साहेबांकडे जाणं हा सगळ्यात झटपट रस्ता. पीपीटी बनवा, वेळ मागा, मांडा. हो मिळालं तर बजेट आणि माणसं दोन्ही मिळतात. पण नाही मिळालं तर तीच गोष्ट परत घेऊन जाणं फार जड जातं, आणि हो मिळालं तरी टीमला ते वरून लादल्यासारखं वाटतं, त्यात मधल्या मॅनेजरला वगळून गेलात तर तो दुखावतो ते वेगळंच. सुरक्षेचा किंवा कायद्याचा विषय असेल तर मात्र हाच रस्ता, तोही लेखी, तिथे सगळ्यांचं एकमत व्हायची वाट बघू नका.

दुसरा रस्ता म्हणजे मीटिंगच्या आधी एकेकाशी बोलून घेणं. टोयोटामध्ये ही रीतसर पद्धत आहे, नेमावाशी म्हणतात, ठरवायला वेळ घेतात पण ठरलं की अंमलबजावणी पटापट होते कारण हरकती आधीच निघून गेलेल्या असतात. आपल्याकडे याला वेगळी मीटिंग लागतच नाही, डबा खाताना किंवा संध्याकाळी एकाच लोकलने घरी जाताना होतं. फक्त "आयडिया कशी वाटली" असं विचारू नका, लोक छान म्हणून मोकळे होतात, "यात तुला काय अडचण येईल" असं विचारा. साहेबांसमोर जो माणूस तोंड उघडत नाही तो इथे खरं बोलतो. तोटा म्हणजे वेळ जातो, आणि कधी कधी आपलीच आयडिया दुसऱ्याच्या तोंडून मीटिंगमध्ये ऐकावी लागते, त्यामुळे सुरुवातीलाच मॅनेजरला चार ओळींचा मेल टाकून ठेवलेला बरा.

तिसरा, छोटं काहीतरी करून दाखवणं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या चिकट चिठ्ठ्यांचं, म्हणजे पोस्ट-इटचं. स्पेन्सर सिल्व्हर यांनी तो हलका चिकटणारा गोंद १९६८ मध्येच शोधला होता, कंपनीत वर्षानुवर्षं सांगत फिरले पण त्याचं करायचं काय हेच कोणाला कळेना. मग १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांना तो बुकमार्कसाठी सुचला, ऑफिसातल्या लोकांना नमुने वाटले आणि लोक अजून मागायला लागले. तरी १९७७ मध्ये चार शहरांत विकून बघितलं तेव्हा थंड प्रतिसाद, आणि पुढच्या वर्षी बॉयसी शहरात फुकट वाटल्यावर ९० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, आम्ही विकत घेऊ. १९८० मध्ये माल देशभर गेला.

पण करून दाखवलं की लोक मानतातच असंही नाही. कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा चालवून दाखवला, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद लागायची पण फोटो निघत होता, आणि तरीही वरिष्ठांना तो नको होता कारण कंपनीचं पोट फिल्मवर चालत होतं. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याला बाकी कारणंही होती, पण हेही एक मोठं.

माझ्या मते रस्ता निवडायची खरी कसोटी इथेच आहे. चिठ्ठ्यांनी कोणाचं काही काढून घेतलं नाही, कॅमेरा मात्र कंपनीच्या मुख्य कमाईवरच येत होता. तेव्हा तुमची आयडिया चालली तर कोणाचं काय जाणार हे आधी शोधा. समजा भिवंडीच्या गोडाऊनमध्ये रजिस्टर बंद करून बारकोड आणायचाय. माल कुठे आहे हे आजवर फक्त स्टोअरवाल्या काकांना माहीत, सगळे त्यांनाच फोन करतात, आणि बारकोडने जाणार तो त्यांचा हा मान, त्यांना पीपीटी दाखवून काय होणार? आधी त्यांच्याजवळ बसा, रॅकना नंबर कसे द्यायचे ते त्यांनाच ठरवू द्या, ट्रायल त्यांच्या हातात द्या, साहेबांकडे त्यानंतर आणि त्यांना सोबत घेऊनच जा.

कोणाचंच काही जात नसेल आणि काम तुमच्याच टेबलापुरतं असेल तर थेट करून दाखवा, नवीन जॉइन झालेल्यांनी तर हेच करावं, फक्त कस्टमरचा डेटा परवानगीशिवाय बाहेरच्या कुठल्या टूलमध्ये टाकू नका. दोन-तीन डिपार्टमेंटचा विषय असेल तर आधी एकेकाशी बोला. पैसा मोठा लागणार असेल तर बोलणं आधी आणि साहेब नंतर, आणि मार्च एंडिंगच्या धावपळीत यातलं काहीच नको.

ट्रायल करणार असाल तर सुरू करण्याआधीच्या एका आठवड्याचे आकडे लिहून ठेवा, कामाला किती वेळ लागला, किती चुका झाल्या, कारण साहेबांचा पहिला प्रश्न हाच असतो की आधी किती वेळ लागायचा, आणि तो आकडा नंतर कुठूनही आणता येत नाही.