विंच ‘सर्व्हिस’ करून देणाऱ्यांपासून जपून

पावसाळा सरला की मांडवीकाठी होड्या पाण्यात उतरायला लागतात आणि कामं मागत फिरणारे लोकही येतात. त्यातल्या एकाने मला कसं गंडवलं ते लिहितो.

शिडाच्या दोऱ्या ताणायला होडीवर असतात ते चार विंच पूर्ण खोलून, रॉकेलने धुऊन, नवे पॉल आणि स्प्रिंगा घालून देतो, असं ठरलं. बिल 18,000 रुपये, वर ‘इम्पोर्टेड पार्ट’ असा शेरा. हँडल फिरवून दाखवत तो म्हणाला, “बघा साहेब, कसा लोण्यासारखा फिरतो. आवाजसुद्धा नाही!”

आवाज नाही, हीच तर गोम. पॉल म्हणजे दोरी गुंडाळायचा ड्रम उलटा फिरू न देणारे खटके. मागची स्प्रिंग ढकलते तेव्हा ते दातांवर टक्‌टक्‌ वाजतात. वाजत नसतील तर ते चिकटलेत.

आग्वादच्या पुढे दुपारचा वारा भरला, जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, दोरी ताणली आणि ड्रम सटकन मागे फिरला. हँडलही गरकन उलटलं. भाचीने हात वेळेत काढला, नाहीतर मनगट गेलं असतं.

घाटावर परतून ड्रम जागेवर धरणारी वरची कडी, म्हणजे सर्क्लिप, काढली, ड्रम उचलला. आत ट्रकच्या चाकात घालतात तसलं ग्रीस ठासून भरलेलं, त्याखाली जुना काळा चिकटा आणि मिठाचे पांढरे थर जसेच्या तसे. पॉल जुनेच, ग्रीसमध्ये रुतलेले. एक स्प्रिंग तर तुटकीच. म्हणजे वरून पिचकारी मारून गडी मोकळा! फोन केला तर म्हणे, “खाऱ्या पाण्यात असंच होतं.” नंतर फोनच उचलेना.

काम देण्याआधी सर्क्लिपवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. खोलली तर तो फुटतो. काढलेल्या स्प्रिंगा मागून घ्या. शक्यतो जवळ बसा. खरा कारागीर ड्रमभोवती भोक पाडलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवतो, कारण स्प्रिंग उडाली की थेट पाण्यात. गिअर आणि रोलरला तो ग्रीसचा पातळ हात देतो, पॉलला मात्र फक्त हलकं तेल. तिथे ग्रीस लावायला निघाला, तर तिथल्या तिथे थांबवा.

बिलावर 16 पॉल आणि 8 स्प्रिंगा लिहिल्यात. प्रत्येक पॉलला निदान एक स्प्रिंग लागते, एवढाही हिशेब त्याला जमला नाही. तेच बिल जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.