उन्यासी की नवासी? हिंदी गिनती नऊ महिने वापरल्यानंतर

मी विट्याजवळचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागात भावकीतला एखादा तरी माणूस गलाईत असतोच, सोनं-चांदी गाळायला कुणी दिल्लीत तर कुणी केरळात. माझा मामा कानपूरला. बी.कॉम. झालं, वर्षभर इकडंतिकडं केलं आणि मग मामाच्या दुकानात येऊन बसलो. हिंदी येतं अशी माझी समजूत होती. पिक्चर कळतो, रिक्षावाल्याशी भांडता येतं, अजून काय लागतं? पहिल्याच आठवड्यात एका कारागिरानं वजन सांगितलं, "सैंतीस ग्राम", आणि मी वहीत ३५ लिहिलं. मामानं वही ओढून घेतली आणि म्हणाला, "आधी गिनती शीक, मग पेन धर."

तर शिकण्यासाठी मी दोन गोष्टी घेतल्या. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडून वीस रुपयांची 'गिनती-पहाड़ा' पुस्तिका, रंगीत मुखपृष्ठाची, आत एक ते शंभर अक्षरात आणि मागं वीसपर्यंतचे पहाडे, म्हणजे आपले पाढे. आणि फोनवर एक ॲप, सुरुवातीला फुकट. पुस्तिका अजून गल्ल्याजवळ आहे, तेजाबाचे डाग पडलेत. ॲप चौथ्या महिन्यात काढून टाकलं.

पहिले बत्तीस आकडे मराठी माणसाला जवळपास फुकटात मिळतात. बारह, तेरह, चौबीस, पच्चीस, बत्तीस, शिकायचं काय त्यात? एक सतरा तेवढा जपायचा. छापलेला शब्द 'सत्रह', पण बाजारात तो 'सत्तरा' असा ऐकू येतो आणि घाईत तो सत्तर वाटतो. १७ आणि ७० यात फरक बराच असल्यामुळं ही चूक लगेच पकडली जाते, नुकसान होत नाही.

खरा घाट तेहेतिसाला सुरू होतो. आपल्याकडं तेहेतीस, पस्तीस, सदतीस. तिन्हींचे चेहरे वेगळे, अंधारातसुद्धा ओळखू येतील. हिंदीत तेच तैंतीस, पैंतीस, सैंतीस. फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि भट्टीचा पंखा चालू असला की नेमकं पहिलंच अक्षर उडतं. पुढं चाळिशीत पुन्हा तोच खेळ, तैंतालीस, पैंतालीस, सैंतालीस. आपले त्रेचाळीस, पंचेचाळीस आणि सत्तेचाळीस कधी एकमेकांत मिसळलेत का? मला तरी आठवत नाही.

पुस्तिकेचा आणि ॲपचा दोष इथं एकच आहे. दोन्ही ठिकाणी आकडे ओळीनं येतात. मी दोन महिने ओळीनं पाठ केले आणि मग कुणी 'छियासठ' म्हटलं की मनातल्या मनात इकसठ, बासठ, तिरसठ करत सहासष्टपर्यंत चालत जायचो. तोवर गिऱ्हाईक पुढचं वजन सांगून मोकळं. ॲपला त्यावर आणखी एक खोड. त्यातली बाई बातम्या वाचल्यासारखी स्वच्छ बोलते. इथं कुणी छियासठ म्हणतं, कुणी छाछठ. नव्वदीत कुणाच्या तोंडी पचानवे, कुणाच्या पंचानबे. ॲपला एकच रूप मान्य. मी बाजारात ऐकलेलं बरोबर रूप बोललो की लाल फुली. पैसे मागायला लागलं त्या दिवशी काढलं.

मला ज्यानं हात दिला ती चीज ना दुकानात मिळते ना फोनवर. गाड्यांच्या पाट्या. आपल्या सांगलीचा जसा एमएच १०, तसा कानपूर शहराचा यूपी ७८. दिवसभर समोरून जाणारी निम्म्याहून जास्त वाहनं अठहत्तरची. त्यामुळं सत्तरीतला सगळ्यात अवघड वाटणारा शब्द मला आपोआप पाठ झाला. कानपूर देहातची गाडी आली की सतहत्तर. गंगेपलीकडून उन्नावची आली की पैंतीस, रायबरेलीची आली की तैंतीस, लखनौची बत्तीस, फतेहपूरची इकहत्तर. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर चहा घेत मी पाट्या वाचत बसायचो. क्रम नाही, ओळ नाही, जो आकडा येईल तो. तीन आठवड्यांत जेवढं झालं तेवढं दोन महिन्यांत झालं नव्हतं. शेजारच्या पानवाल्याला वाटलं, मी कुणाच्या गाडीवर पाळत ठेवतोय.

पाव, सव्वा, दीड, अडीच या बाबतीत मात्र हिंदी म्हणजे आपलंच घर. सवा बारह ग्राम म्हणजे सव्वाबारा, पौने तेरह म्हणजे पावणेतेरा, डेढ़ सौ, ढाई सौ, साढ़े तीन हज़ार. एकदाही अडलो नाही. उलट इथंच भाव खाल्ला. एक म्हातारे लालाजी येतात, चांदीचे जुने व्यापारी. त्यांनी एकदा गंमत म्हणून विचारलं, "हूँठा जानते हो?" माहीत नव्हतं. ते म्हणाले, साढ़े तीन का पहाड़ा. मी म्हटलं, ही तर आमची औटकी! आजोबा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणायचे त्यातली. औट म्हणजे साडेतीन. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, संस्कृतातला 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. लालाजींनी त्या दिवशी घासाघीस केली नाही. माझी मामेबहीण शेजारी बसली होती, इथल्या इंग्रजी शाळेत चौथीला. तिला ना हूँठा कळला ना औटकी. तिला उन्यासीसुद्धा 'सेव्हंटी नाईन' म्हटल्याशिवाय कळत नाही, आणि तिच्या वर्गातल्या हिंदी घरच्या पोरांचंही तेच आहे म्हणे.

भाजीबाजारात एकदा फसलो, तेही 'पाव'मुळं. भाजीवाला वाटाणा "तीस रुपये" म्हणाला, मी खुशीत दोन किलो भरायला सांगितला. भाव पावाचा होता. इथं महागडी भाजी सर्रास पावानं सांगतात आणि पाव हा शब्द गिळून टाकतात. मामी आठ दिवस मटारउसळ करत होती.

आता मुख्य गोष्ट. सातव्या महिन्यात, म्हणजे मी स्वतःला तयार समजायला लागल्यावर, ही चूक झाली. एका कारागिराची चाळीस ग्रॅमची लगड टंचाला, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते तपासायला पाठवली होती. मशीनवाल्या पोरानं फोनवर टंच सांगितला, "नवासी." मी पाकिटावर लिहिलं ७९. हिशेब सोपा आहे. चाळीस ग्रॅमला ७९ टंच धरला तर शुद्ध सोनं ३१.६ ग्रॅम. ८९ धरला तर ३५.६. मधले चार ग्रॅम माझ्या कानात अडकले. कारागीर संध्याकाळी आला, पाकिटावरचा आकडा बघून आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला. त्याला वाटलं आम्ही त्याला कापतोय. मामानं मशीनवरची चिठ्ठी मागवली, ८९ दाखवले, पूर्ण हिशेब चुकता केला, वर चहा पाजला. तो कारागीर अजून येतो, पण पाकीट हातात आलं की आधी माझ्याकडं बघतो.

चूक अशी का झाली हे मी पुस्तिका उघडून शोधलं. हिंदीत एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत नवाचे सगळे आकडे 'उन'नं सुरू होतात. उन्नीस, उनतीस, उनतालीस, उनचास, उनसठ, उनहत्तर, उन्यासी. हा 'उन' म्हणजे आपल्या 'एकोण'मधला ऊन, कमी. म्हणजे ऐंशीला एक कमी ते उन्यासी. इथपर्यंत मराठीची गाडी बरोबर रुळावरून चालते. मग ८९ ला हिंदी रूळ बदलते. नव्वदाला एक कमी असं न म्हणता ऐंशी आणि नऊ, नवासी. आपण एकोणनव्वद म्हणतो, आपला रूळ थेट नव्याण्णवला बदलतो. माझ्या कानानं 'आसी' ऐकलं, नऊ ऐकले, आणि 'ऐंशीच्या अलीकडचा नऊ' असा निकाल दिला. पुस्तिकेत उन्यासी आणि नवासी एकाखाली एक दोन ओळींत आहेत, पण इथं वळण आहे अशी खूण कुठंच नाही. मी लाल पेनानं गोल केलाय. औरैयाची गाडी यूपी ७९ असते, तिच्यामुळं उन्यासी पक्का झाला. नवासीची पाटी मला तरी अजून दिसलेली नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा टिंगल करणाऱ्यांत मी पुढं होतो. आमच्या ग्रुपवर काय काय फिरवलं होतं! आता सत्तर नऊ आणि ऐंशी नऊ शेजारी शेजारी ठेवून बघतो. मशीनवाला तसं बोलला असता तर मी झोपेतसुद्धा चुकलो नसतो. तरी मला माझा एकोणऐंशी सोडवणार नाही, हेही खरं. गुणाकार करताना आतून अजून पाढाच येतो, सात साती एकोणपन्नास, आणि मग ओठावर येईपर्यंत त्याचा उनचास होतो. मध्ये जो क्षण जातो तो गिऱ्हाइकाला कळतो. मामाची वीस वर्षं इथं गेली. तो नोटा हिंदीत मोजतो, पण बेरीज पुटपुटतो मराठीत.

आणखी एक. पुस्तिकेत आकडे १, २, ३ असे देवनागरीत आहेत. त्याचा इथं काही उपयोग होत नाही. मामाच्या जुन्या वहीतला ५ आणि ९ मशीनवाल्या पोराला वाचता आला नाही, त्याला ती नक्षी वाटली. सगळा बाजार इंग्रजी आकडे लिहितो आणि हिंदी आकडे बोलतो. म्हणून पुस्तिका घ्यायची तर अक्षरांसाठी घ्या, आणि पन्नासच्या पुढची पानं कापून, चिठ्ठ्या करून डब्यात टाका. एक एक काढून बोला. वीस रुपयांत एवढं पुष्कळ. पाचपैकी औट.

कारागिराच्या प्रकरणानंतर मामानं दुकानात एक नियम केला, तो माझ्यासाठी असला तरी आता सगळ्यांनाच लागू आहे. फोनवर टंच आला की शब्द बोलायचा आणि मागून अंक बोलायचे, "नवासी, आठ नौ." मग पाकिटावर लिहायचं आणि गिऱ्हाइकासमोर पाकीट फिरवून धरायचं. परवा मशीनवाल्यानं फोन केला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "भैया, उन्यासी. सात नौ. लिख लिया?"