लंडनची खोली, दांडिया बाजारातून

बडोद्यातल्या दांडिया बाजारातली ही सेवा लंडनमध्ये विद्यार्थ्यांसाठी खोल्या शोधून देते. माणसं सरळ आहेत. तिथलं भाडं आठवड्याचं असतं. महिन्याचा आकडा हवा तर ५२ ने गुणून १२ ने भागायचं, नुसती चौपट केली तर बजेट कोसळतं. हे ते पहिल्याच भेटीत कागदावर मांडून दाखवतात, फार बरं वाटतं! करार किती आठवड्यांचा, वीज-गॅस धरून की वेगळं, हेही विचारून घेतात.

जामिनाच्या बाबतीत मात्र उणे. तिथले घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार, म्हणजे भाडं थकलं तर भरणारा माणूस, मागतात, आणि बडोद्यातले बाबा बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. हे खोली पसंत केल्यावर कळून उपयोग काय? जामीन राहणाऱ्या कंपनीची फी आधीच धरा. सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असलेल्या घराला काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या पालिकेचा घरांवरचा कर, माफ असतो. त्यासाठी तिथे पोहोचताच विद्यापीठाचं पत्र मागून घ्या.