शुभेच्छापत्रांसाठी फोटो देताना मी कशी फसले

गेली बरीच वर्षं मी हौसेने फोटो काढते. पहाटेचं धुकं, पानावरचे थेंब, खिडकीत येऊन बसणारे पक्षी. ओळखीच्यांच्या वाढदिवसाला मी माझ्याच फोटोंची कार्डं करून द्यायचे आणि जो तो म्हणायचा, "अगं, ही विकत का नाहीस?" त्यामुळे एक दिवस अनोळखी माणसाचा निरोप आला, "आम्ही शुभेच्छापत्रं छापतो, तुमचे फोटो हवेत, प्रत्येक कार्डामागे 20 टक्के रॉयल्टी," तेव्हा मला वाटलं, आपण ज्याची वाट पाहत होतो ते हेच.

मी 12 फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा पसंत.

मी थांबायला हवं होतं ते इथेच. त्यातला एक फोटो घाईत मी छोट्या प्रतीतूनच पाठवला होता, जेमतेम 1200 बाय 800 पिक्सेलचा. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने तो फोटो 4 इंच रुंदीपर्यंतच नीट उमटतो. 5 बाय 7 इंचाच्या कार्डाला किमान 1500 बाय 2100 पिक्सेल लागतात, शिवाय कापताना कड जाते म्हणून चारी बाजूंना साधारण 3 मिलिमीटर जास्तीचं चित्र. त्यात माझ्या कॅमेऱ्याचा फोटो 3:2 मापाचा आणि हे कार्ड 7:5 चं, म्हणजे लांबीतून थोडं कापावंच लागतं. ज्याला खरंच कार्ड छापायचंय तो यातलं काहीतरी विचारतोच. मूळ फाइल मागतो, शुभेच्छांचा मजकूर कुठे बसवायचा म्हणतो, चार फोटो परत करतो. या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही, नुसतं कौतुक केलं. आणि मला त्या कौतुकाची इतकी भूक होती की हे खटकलंच नाही.

मग पैसे सुरू झाले. आधी "कॉपीराइट नोंदणी"चे. नोंदणी केल्याशिवाय फोटो तुमचा धरला जात नाही, असं त्याने ठासून सांगितलं. हे साफ खोटं होतं. कॉपीराइटबद्दलच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत फोटो काढला की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो, तो मिळावा म्हणून नोंदणीची अट नसते. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मग नमुना छपाईचे. मग दुकानदारांना दाखवायला म्हणून 200 कार्डं मीच विकत घ्यायची. प्रत्येक वेळी रक्कम अशी, की आधी भरलेली वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढची भरतोच. सगळं पहिल्या रॉयल्टीतून वळतं होणार होतं.

कार्डं आली. कागद पातळ, घडीवर रंग सुटलेला. धुक्याचा निळा मातकट झालेला. पडद्यावरचे रंग छपाईच्या शाईत उतरवताना नीट जुळवून घ्यावे लागतात, तेवढीही तसदी कुणी घेतली नव्हती. रॉयल्टीचं विचारलं की "विक्री चालू आहे". नंतर फोन लागेनासा झाला. त्या कार्डांना गिऱ्हाईक एकच होतं, मी.

गेलेल्या पैशांचं दुःख आता कमी झालंय. करारनाम्याचं होत नाही. त्यात एक ओळ होती: सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, अनन्य हक्क हस्तांतरित. मी ती वाचली आणि सही केली, कारण रॉयल्टीचा आकडा मला पुढच्या पानावर दिसत होता. "फक्त शुभेच्छापत्रांसाठी, अमुक वर्षांपुरता वापराचा परवाना" आणि "हक्क हस्तांतरित" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात फोटो तुमचा राहतो, दुसऱ्यात तो गेला. तुमच्यापुढे असा कागद आला तर "हस्तांतरित" हा एक शब्द शोधा, आणि तो असेल तर सही करू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

नंतर गूगलवर चित्रावरून शोध घेतला तर माझे थेंब एका दिनदर्शिकेवर, पक्षी मगवर, धुकं मोबाइलच्या कव्हरवर. माझ्याकडे तारखेसकट मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघालेल्या, काहीही बदल न केलेल्या) होत्या, त्या जोडून मी विक्रीच्या संकेतस्थळांकडे तक्रारी केल्या. काही ठिकाणची चित्रं उतरवली गेली. जिथे समोरच्याने माझ्या सहीचा करार दाखवला, तिथे माझं काही चाललं नाही.

त्या बारांत एक फोटो शेजारच्या छोट्या मुलीचा होता, ओंजळीत पिसं धरलेली. फोटोतल्या व्यक्तीची लेखी संमती आपल्याकडे आहे, असंही त्याच करारात मी लिहून दिलं होतं. संमती मी कधी मागितलीच नव्हती, रोज घरात येणारी पोर म्हणून. शेवटी तिच्या आईला जाऊन सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, म्हणजे आमच्या पोरीचा फोटो आता कुणाकुणाकडे आहे?"

मला सांगता आलं नाही.