हरवलेलं पॅकेट: परत मागवायचं की आधीच जादा पाठवायचं?

व्हिडिओ कॉल, थेट प्रक्षेपण किंवा गेम, पॅकेट (नेटवरून जाणारा डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की मुख्य वाटा दोनच: ते परत मागवा, नाहीतर मुळातच थोडं जादा पाठवून ठेवा. बहुतेक जण बँडविड्थ बघून ठरवतात. खरं तर आधी बघायचा असतो आरटीटी, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. पिंगमध्ये दिसतो तोच.

आवाजाचा हिशेब करू. ओपस कोडेक (आवाज दाबून छोटा करणारी पद्धत) सहसा दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतो. एक गळालं हे पुढचं आल्यावरच कळतं, म्हणजे २० तिथेच गेले. मग मागणी जाणार आणि नवी प्रत येणार, तो एक पूर्ण आरटीटी. पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरचा आरटीटी १० मिलिसेकंद धरला (पुढचे सुटे आकडेही मिलिसेकंदांतच) तर जादा उशीर ३०. जिटर बफर, म्हणजे ऐकणाऱ्याकडे पॅकेटं क्षणभर साठवणारी जागा, तो सहज पोटात घालतो. तोच सर्व्हर अमेरिकेत आणि आरटीटी २४० असेल, तर जादा उशीर २६०. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस एकेरी उशीर शक्यतो १५० च्या आत ठेवायला सांगते, आणि इथे नुसत्या एकेरी प्रवासातच (आरटीटीचा निम्मा) १२० गेलेत. तिथे परत मागवण्यात अर्थ नाही.

हरवलेलं आपोआप पुन्हा पाठवणाऱ्या टीसीपी या नेटच्या नेहमीच्या प्रोटोकॉलचं दुखणं आणखी वेगळं. तो क्रम सोडत नाही, त्यामुळे एक पॅकेट अडकलं की मागची सगळी, पोहोचलेली असूनही, रांगेत उभी राहतात. जुन्या पद्धतीत हरवल्याची खात्री पटायला तीन दुबार पोचपावत्या लागतात, आणि पुढचं एकेक पॅकेट पोहोचलं की एकेक येते. गेम दर ५० मिलिसेकंदांना एकच छोटं पॅकेट पाठवत असेल तर १५० त्यातच संपतात. शेवटचं पॅकेट गेलं तर पोचपावत्याही येत नाहीत, मग टायमरची वाट पाहायची, आणि लिनक्समध्ये त्याची किमान मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. आरएसीके-टीएलपी या गळती लवकर ओळखणाऱ्या सुधारणेने (२०२१ चं आरएफसी ८९८५ हे मानक) ही वाट बरीच कमी होते, क्रमाचा अडसर मात्र तसाच राहतो. नोडिले ही टीसीपीची सेटिंग चालू करून गळती सुटेल असं समजू नका. तो उपाय छोटी पॅकेटं साचवून ठेवण्यावर आहे. क्विक या नव्या प्रोटोकॉलमध्ये डेटा वेगवेगळ्या प्रवाहांत जातो आणि एका प्रवाहातली गळती दुसऱ्याला अडवत नाही, पण सगळा डेटा एकाच प्रवाहात कोंबलात तर पुन्हा तीच रांग.

थेट प्रक्षेपणाला एसआरटी हा व्हिडिओ पाठवायचा प्रोटोकॉल सोयीचं. ते परत मागवतं, पण ठरलेल्या मुदतीतच. उशिरा आलेलं सोडून देतं. मुदत डिफॉल्टने १२० मिलिसेकंद असते, आणि आरटीटीच्या चौपट ठेवायचा प्रघात आहे: आरटीटी ६० तर २४०. इथे एक खड्डा आहे. एसआरटीची स्वतःची सेटिंग मिलिसेकंदांत, पण एफएफएमपेग आणि ओबीएस या व्हिडिओ पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पत्त्यात ही मुदत (लेटन्सी) मायक्रोसेकंदांत लिहायची असते. तिथे २४० लिहिलंत तर ते जवळपास शून्य धरलं जातं. दोन्ही टोकांतला मोठा आकडा लागू होत असल्याने पलीकडचे १२० चालतात आणि चित्र का फाटतंय ते कळत नाही. लिहायचं २४००००.

आता जादा पाठवण्याकडे. ओपसचं अंतर्गत एफईसी (गळती भरून काढायला आधीच जादा माहिती पाठवणं) प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या पॅकेटची हलक्या दर्जाची प्रत घालतं. आरटीटी कितीही असो, उशीर २० चाच. पण पाठवणाऱ्याकडे अपेक्षित गळतीची टक्केवारी शून्य ठेवली तर एफईसी चालू असूनही प्रत जात नाही. लागोपाठ दोन गळाली तर पहिलं गेलंच. तिथे रेड, म्हणजे जुन्या पॅकेटची पूर्ण प्रत नव्यासोबत पाठवायची पद्धत: २४ केबीपीएसला एका पॅकेटचा आवाज ६० बाइट, आयपी-यूडीपी-आरटीपीचे हेडर (पॅकेटवरचा पत्ता वगैरे) ४०. आधीची पूर्ण प्रत आणि रेडचे स्वतःचे ५ बाइट सोबत घेतले की १०० चे १६५ होतात, दुप्पट नाही. दोन जुन्या प्रती घेतल्या तर लागोपाठ दोन गळालेलीही परत मिळतात.

व्हिडिओत दहा ओळी, दहा स्तंभांचं एफईसी वापरतात: १०० पॅकेटं चौकटीत मांडून प्रत्येक ओळीमागे आणि स्तंभामागे एक, म्हणजे २० जादा, आणि सलग दहा गेली तरी भरून निघतात. मात्र ४ एमबीपीएसला, १३१६ बाइटच्या पॅकेटांनी, ती १०० भरायलाच सुमारे २६३ मिलिसेकंद लागतात. २० एमबीपीएसला ५३. म्हणून कमी बिटरेटला हे टाळलेलं बरं.

बँडविड्थ दुप्पट परवडत असेल तर तेच पॅकेट दोन लाइनींवरून पाठवा, आधी येईल ते घ्या. फक्त दोन्ही फायबर एकाच चरातून गेलेले नसावेत. जेसीबी कंपनी बघून खणत नाही. एक फायबर आणि एक ५जी बरं.

गेममधल्या पात्राची जागा परत मागवणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. नवी जागा येतेच आहे. प्रत्येक पॅकेटमध्ये खेळाडूने दाबलेल्या शेवटच्या तीन-चार कळांची नोंद जोडा, पुरे.

यातलं काहीही निवडण्याआधी मोठी फाइल अपलोड करत पिंग बघा. २० वरून ३०० वर गेला तर राउटरची रांग तुंबलीय, आणि जादा पॅकेटं म्हणजे आगीत तेल. राउटरमध्ये केक (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) लावा, वेग लाइनच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. एमटीआरमध्ये (वाटेतल्या प्रत्येक राउटरची गळती दाखवणारं साधन) फक्त मधल्या टप्प्यावर दिसणारी गळती शेवटपर्यंत जात नसेल, तर ती गळती नव्हे. तो राउटर नुसतं उत्तर द्यायचं टाळतोय.

चाचणी नेटएमने (लिनक्समधलं मुद्दाम गळती घडवणारं साधन) घेणार असाल तर सुटीसुटी २ टक्के गळती लावून थांबू नका. त्यात एफईसी फार देखणं दिसतं. वायफायवर पॅकेटं घोळक्याने गळतात, म्हणून तशीच घोळक्याने गळती घडवणारं गिल्बर्ट-एलियट मॉडेल लावून पुन्हा मोजा.