पीक डिझाइनची कॅप्चर क्लिप: सॅकच्या पट्ट्यावर कॅमेरा

पावसाळी सकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाठीमागून ऊन आलं आणि समोरची दरी धुक्याने भरलेली असली, की इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसू शकतं. धुकं जरा सरकलं की ते गेलंच. अशा वेळी कॅमेरा सॅकमध्ये स्लीपिंग बॅगखाली असेल, तर तो बाहेर काढेपर्यंत समोर नुसती दरी उरते. ही क्लिप घ्यायची ती एवढ्याचसाठी, आणि हे काम ती चोख करते.

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, त्यांच्या मधे सॅकचा पट्टा, दोन्ही बाजूंना स्क्रू. पट्टा अडीच इंच रुंदीपर्यंत चालतो. क्लिप डाव्या खांद्यावर, छातीच्या आडव्या पट्ट्याच्या जरा वर लावा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला तर क्लिप तिरकी बसते आणि चालताना घसरते. कॅमेऱ्याच्या तळाला लावायची चौकोनी प्लेट क्लिपच्या खाचेत चारपैकी कोणत्याही बाजूने सरकवता येते. 'टक' आवाज आला तरी कॅमेरा एकदा वर ओढून बघाच.

कंपनी 90 किलो भाराची हमी देते, त्यामुळे क्लिपची काळजी नको. ढिली होते ती प्लेट. प्रत्येक पावलाला कॅमेरा हलतो आणि प्लेटचा स्क्रू हळूहळू सुटत जातो. तो बोटांनी नको, एलन कीनेच (षटकोनी टोकाच्या चावीने) आवळा आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी तपासा. खाचेत लाल चिखल वाळला तर कॅमेरा सोडवायचं बटण अडकतं. पाणी ओतून जुन्या टूथब्रशने घासलं की मोकळं होतं. सॅक उतरवण्याआधी कॅमेरा काढा, नाहीतर लेन्स आधी दगडावर आपटते.

लेन्स 16-35 किंवा 24-70 मिमी एफ/4 एवढी आखूडच ठेवा. 70-200 सारखी लांब, जड लेन्स लटकवली तर उंच पाऊल टाकताना मांडीवर आपटते आणि खांदाही एका बाजूला ओढला जातो. पावसापासून संरक्षण मात्र शून्य, कव्हर वेगळं हवं.

कातळटप्प्यावर छाती खडकाला घासते, तिथे कॅमेरा सॅकमध्येच गेला पाहिजे. हरिश्चंद्रगडावर पायथ्याच्या खिरेश्वरहून तोलारखिंडीने येताना हे रेलिंगच्या टप्प्यापुरतं करावं लागतं. पाचनईच्या वाटेवर क्लिप जवळजवळ पूर्ण वेळ वापरता येते. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, म्हणजे कातळटप्प्यांच्या उभ्या घळीतून, चढणाऱ्यांना मात्र माथा गाठेपर्यंत तिचा फारसा उपयोग नाही.