टाटा मेमोरियलचा स्लाइड रिव्ह्यू: क्रोन्सच्या निदानाबद्दल शंका असेल तर जरूर करून घ्या

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागाकडून आम्ही बाबांच्या आतड्याची बायोप्सी पुन्हा तपासून घेतली. अशी सोय असते हेच आमच्या कराडकडे पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून लिहितेय.

बाबांनी साठी ओलांडलेली. जुलाब, पोटात कळा, वजन सारखं उतरत होतं. कोलोनोस्कोपीत लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं व्रण दिसले. आपल्याकडे अशा वेळी आधी टीबीची शंका येते, तशी आली, आणि शेवटी क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणारा आजार) ठरला. स्टिरॉइड सुरू होताच बाबा पोटभर भाकरी खायला लागले. डोस उतरवला की ताप आणि रात्रीचा घाम पुन्हा हजर. खरी मेख इथंच आहे. स्टिरॉइडनं लिम्फोमाच्या (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कॅन्सरच्या) पेशीही काही काळ मरतात, त्यामुळे औषधानं उतार पडला म्हणजे क्रोन्सच, असं धरता येत नाही. त्यातून कोलोनोस्कोपीचा चिमटा वरवरचाच तुकडा काढतो. रोग खालच्या थरात असला तर रिपोर्टात नुसती 'सूज' येते.

टाटात बाबांच्या त्याच बायोप्सीच्या ब्लॉकमधून (तुकडा ज्यात जपून ठेवतात ती मेणाची वडी) नवे काप काढून आयएचसी (पेशींवरची प्रथिनं रंगवून त्यांची जात ओळखायची चाचणी) केली. सीडी२० (बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींवरचं प्रथिन) ओळखणारा रंग लावल्यावर मोठ्या बी-पेशी उजळल्या: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. पेशी कोणत्या जातीच्या ते कळलं, म्हणून रिटुक्सिमॅबसकट (हे औषध सीडी२० असलेल्या पेशींवर चालतं) केमो ठरवता आली. टी-पेशींचा लिम्फोमा असता तर हे औषध उपयोगाचं नव्हतं. रिपोर्ट हातात आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी आईला ओळ न् ओळ मराठीत समजावली, ते मी विसरणार नाही.

जाताना नुसत्या स्लाइड नेऊ नका, ब्लॉकही न्या, आणि स्टिरॉइडच्या आधीच्या बायोप्सीचा असेल तर तोच. ब्लॉक कमी पडला तर पुन्हा बायोप्सी करायला सांगू शकतात, तीही मनाची तयारी ठेवा. आमच्या पहिल्या लॅबनं ब्लॉक द्यायला टाळाटाळ केली. लेखी अर्ज दिल्यावर मिळाला. कोलोनोस्कोपी आणि सीटी स्कॅनचे रिपोर्ट, औषधांच्या तारखा सोबत ठेवा. गर्दी भरपूर असते, सकाळी लवकर पोचा.